चुन्याची काळजी करू नका

ग्वादालाहारा, मेक्सिको

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. खोकला केव्हाच गेला, आवाज बसल्यासारखा वाटतो तो फोनचा दोष.

आई, चुन्यावरून तू एवढी घाबरशील असं वाटलं नव्हतं. काकूने अर्धवट सांगितलेलं दिसतंय. इथे कुणी चुना फासून पोळ्या खात नाही गं! मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी चोळून धुतले की सालं सुटतात, मग ओलेच दळायचे. त्या पिठाच्या पातळ पोळ्या म्हणजे तोर्तिया. चुना म्हणजे बाबा पानाला लावतात तोच, आणि तोही बराचसा धुण्यात जातो. त्याने पीठ मिळून येतं, नाहीतर मक्याची भाकरी कशी तडकते ते तुला ठाऊकच आहे. शिवाय मक्यातलं एक जीवनसत्त्व चुन्याशिवाय नीट अंगी लागत नाही. मका युरोपात गेला, ही युक्ती इकडेच राहिली. मग इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला, कातडी सोलवटून निघायची. तोर्तिया हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलं, मूळची नाहुआत्ल भाषेतली त्लाश्काल्ली. मका असा शिजवायची रीत 3000 वर्षांहून जुनी आहे. तेव्हा बाबा, माझ्या हाडांची चिंता नको, उलट कॅल्शियमच मिळतंय.

कोपऱ्यावरच्या दुकानात यंत्रातून गरमागरम निघतात, किलोवर मिळतात. लोक घरून फडकं घेऊन रांगेत उभे. परवा पुढच्या आजीबाईंनी आपल्या थप्पीतली वरची एक उचलली, मीठ भुरभुरलं, तळहातावर गुंडाळली आणि सरळ माझ्या हातात दिली. ओळख ना पाळख! म्हणजे मी उपाशी राहत नाहीये.

हप्त्याचे पैसे पाठवलेत. या वेळी थोडे कमी आहेत, व्हिसाचा खर्च निघाला. बाबा, तुम्ही त्यापायी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नका, उरलेले पुढच्या पगाराला पाठवते. सगळी धावपळ दादावर पडते, कळतं मला. गणपतीला रजा मिळत नाहीये. मोदक मात्र माझ्या नावचेही करा.

सांगलीच्या स्थळाला इतक्यात "नाही" कळवू नका. पण मुलगी परत कधी येणार असं विचारलं, तर बाबा, "दोन वर्षांत" असं ठोकून देऊ नका. मला विचारायला सांगा. फोटो दादाच्या लग्नातला पाठवा, पत्रिका सध्या राहू दे.

तुमची,
मनू