तपासणी रात्रीच्या जेवणाच्या वेळी व्हावी

संपादक महोदय,

स. न.

प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची निवासी गृहे आणि निवासी कार्यशाळा यांची तपासणी बहुधा कार्यालयीन वेळेत होते. पथक नोंदणी प्रमाणपत्र, हजेरीपट, धान्याची साठा नोंदवही पाहते, खोल्यांतून एक फेरी मारते आणि परतते. त्या वेळी अधीक्षकांपासून सफाईगारापर्यंत सगळे जागेवर असतात. काळजीची खरी ओढाताण संध्याकाळी सहानंतर सुरू होते, आणि ती कोणी पाहत नाही. म्हणून आमची मागणी आहे की तपासणी आगाऊ न कळवता, रात्रीच्या जेवणाच्या वेळी व्हावी.

सुरुवात ताटापासून करावी. गिळण्याचा त्रास सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसणे) आणि डाउन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असलेल्यांमध्ये बराच आढळतो. अशा व्यक्तीला पाठ ताठ ठेवून बसवायचे, भरवणाऱ्याने समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचे, चमचा लहान घ्यायचा, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यायचा. भरवणारा उभा असला की खाणाऱ्याची मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. तांब्याने वरून तोंडात पाणी ओतणे याच कारणाने घातक आहे. चिवडा, शेंगदाणे, कोरडी पोळी नको. पोळी वरणात पुरती मुरलेली हवी. पाणीदार आमटीत भाताची शिते तरंगत असली तरी पंचाईत होते, कारण पातळ आणि घट्ट दोन्ही एकाच घासात सांभाळावे लागते. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये.

असे नीट भरवायला एका व्यक्तीमागे वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. एका काळजीवाहकाकडे भरवावे लागणारे आठ जण आणि हातात एक तास असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात. मग घास कोंबले जातात. जेवताना येणारा खोकला, नंतरचा घरघरता आवाज, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, उतरत जाणारे वजन ही त्याची लक्षणे आहेत. ‘त्याची तब्येतच नाजूक’ असे म्हणून ती सोडून दिली जातात, हे आम्हाला सर्वात जास्त खुपते. प्रत्येकाचे वजन दरमहा त्याच काट्यावर घ्यावे. महिन्यात पाच टक्के घट, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

दुसरी गोष्ट गोळ्यांच्या वेळेची. फिट येणाऱ्यांचे प्रमाण या गृहांत मोठे असते. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांत साधारण बारा तासांचे अंतर हवे. पण दिवसपाळी सुटण्याआधी, सहा वाजता संध्याकाळची गोळी उरकली जाते आणि सकाळची नाश्त्यानंतर नऊला मिळते. हे अंतर पंधरा तासांचे झाले. पहाटे येणाऱ्या फिटचे कारण अनेकदा इथेच सापडते, आणि ते न शोधता डोस मात्र वाढवला जातो. गोळ्यांचा तक्ता आणि पाकिटात उरलेल्या गोळ्या जुळतात का, हे पथकाने स्वतः मोजावे. रात्रपाळीच्या माणसाला विचारावे: फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर काय कराल? डॉक्टरांनी लिहून दिलेला, फिट थांबवणाऱ्या मिडाझोलम या औषधाचा नाकात मारायचा फवारा कुठे ठेवला आहे, तो कसा वापरायचा आणि रुग्णवाहिका कशी बोलवायची, हे त्याला सांगता आले पाहिजे. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे हे अजूनही चालते. फिट आलेल्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळाकडे पाहावे.

मलावरोधाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. हालचाल कमी, पाणी कमी, त्यात मानसिक आजारांच्या गोळ्या आणि त्यांनी येणारी थरथर व ताठरपणा कमी करायला सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, या सगळ्यांनी आतडी मंदावतात. अंथरूण ओले होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच देत नाहीत, त्याने त्रास आणखी वाढतो. सांगता न येणारी व्यक्ती मग डोके आपटते, चावते, जेवण नाकारते. घट्ट मळ अडकला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, त्याला जुलाब समजून जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते. यातून आतडे बंद पडून जीव जाऊ शकतो. रोज कोणाला शौच झाले याची एका ओळीची नोंद ठेवली आणि तीन दिवस झाले नाही तर नर्सला कळवण्याचा नियम पाळला, तर यातले बरेच टळते. इसबगोल द्यायचा तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तोच अडकतो.

वागणे अचानक बदलले तर आधी दात, कान, पोट आणि लघवी तपासावी. प्रत्यक्षात आधी रिस्पेरिडोन, म्हणजे माणसाला शांत करणारी मानसिक आजाराची गोळी, वाढते. त्याने माणूस शांत होतो, पण दुखणे तसेच राहते. वजन आणि साखर वाढते, हात थरथरू लागतात. अशी प्रत्येक गोळी कशासाठी सुरू केली याचे कारण लिहिलेले असावे आणि दर तीन महिन्यांनी ती कमी करता येईल का हे डॉक्टरांनी पाहावे. डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइड तपासणी दरवर्षी हवी. चाळिशीनंतर त्यांना लवकर स्मृतिभ्रंश होऊ शकतो, तो ‘हट्टीपणा’ समजला जाऊ नये.

कपाटेही उघडून पाहावीत. कपडे सामाईक ढिगातून वाटले जात असतील तर खरूज हटत नाही. तिचे मलम खाजवणाऱ्यालाच नव्हे, तर खोलीतल्या सर्वांना आणि काळजीवाहकांनाही एकाच दिवशी लावून आठवड्याने पुन्हा लावावे लागते. महिलांच्या गृहात सॅनिटरी पॅडचा साठा मोजावा. १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातील मुलींची गर्भाशये पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही हेच कारण दिले गेले होते. जिथे पॅड आणि ते बदलणारे हात अपुरे आहेत, तिथे तो विचार परत डोके वर काढतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे अशा संस्थेला नोंदणी सक्तीची आहे आणि छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो. पण म्हातारे आईवडील तक्रार करत नाहीत. ‘पटत नसेल तर घेऊन जा’ असे उत्तर मिळेल, या धास्तीने ते गप्प राहतात. म्हणून तक्रारीची वाट न पाहता दिव्यांग कल्याण विभागाने वर्षातून निदान दोन तपासण्या सायंकाळी सात ते नऊ या वेळेत कराव्यात. पथकात एक नर्स असावी. वजन, शौच आणि गोळ्यांच्या नोंदी तपासणीच्या नमुन्यात घालाव्यात आणि अहवालाची प्रत प्रत्येक पालकाच्या घरी टपालाने पाठवावी.

– निवासी सेवेतील काही विशेष शिक्षक, काळजीवाहक आणि परिचारिका, पुणे