तीन दिवसांचा ‘करिअर इनसाइट’ कार्यक्रम : शुल्क परतावा आणि बसभाड्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विद्यार्थी उपक्रम विभाग,
पुणे कार्यालय

विषय : ‘कॉर्पोरेट करिअर इनसाइट’ या सशुल्क कार्यक्रमात जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याबद्दल तक्रार, शुल्काचा परतावा व अडकवून ठेवलेला प्रवासखर्च मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी खानापूर तालुक्यातली असून बेळगावच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. आपल्या कंपनीने पुण्यात भरवलेल्या वरील कार्यक्रमाला मी रीतसर शुल्क भरून हजर होते. शुल्क 4,500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 810 रुपये, असे एकूण 5,310 रुपये आपण ऑनलाइन घेतलेत. हे पैसे आईने बचत गटातून उचलून दिले. आपल्याला कळवळा यावा म्हणून हे लिहीत नाही. हप्ता अजून चालू आहे, त्यामुळे घरात दर महिन्याला या कार्यक्रमाचा विषय निघतो आणि त्यातून काय मिळाले याचे उत्तर मला द्यावे लागते.

आपल्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. तीन दिवसांतला निम्मा वेळ विद्यार्थी प्रत्यक्ष विभागात बसून काम पाहतील. दर पाच विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक असेल. पुण्याबाहेरून येणाऱ्यांना साध्या बसचे भाडे परत मिळेल. त्या पानाचा स्क्रीनशॉट मी नोंदणीच्या वेळीच काढून ठेवला होता. आता त्याच पानावर ‘विभागात बसून’ हे शब्द राहिलेले नाहीत, ‘कामाच्या वातावरणाची ओळख’ असे काहीतरी आले आहे. आम्ही पैसे भरले ते आधीच्या शब्दांवर.

पहिला दिवस सभागृहात गेला. कंपनीची फिल्म, कंपनीचा प्रवास, कंपनीची मूल्ये, मग एका वरिष्ठांचे भाषण. भाषण वाईट नव्हते, पण त्यातले एकही वाक्य असे नव्हते की जे ऐकायला पुण्याला यावे लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यक्तिमत्त्व चाचणी झाली आणि तिचा निकाल समजावून सांगायला बाहेरच्या एका संस्थेची माणसे आली. ज्याला त्याला कुठले ना कुठले कौशल्य कमी निघाले आणि ते भरून काढणारा सहा महिन्यांचा कोर्स त्यांच्याकडेच होता. आजच नाव नोंदवले तर सवलत, असेही होते. बेळगावात मोबाइलच्या दुकानात शिरले तरी कव्हर आणि काच घ्याच म्हणून मागे लागतात, पण तिथे निदान आत जायचे पैसे पडत नाहीत. तिसऱ्या दिवशी गटचर्चा आणि समारोप झाला. पाच जणांमागचा मार्गदर्शक म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. त्यावर फक्त जेवणाच्या वेळा आणि कुठल्या दारातून आत यायचे ते येत होते.

आता जे चांगले झाले तेही लिहिते, कारण माझी तक्रार नेमकी काय आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह दुसऱ्या कुठल्या बैठकीला हवे होते. आम्हाला बसवायला जागा नव्हती, म्हणून आमच्या गटाला वरच्या मजल्यावर अकाउंट्समध्ये नेऊन ठेवले. ‘ठेवले’ हाच शब्द बरोबर आहे. तिथे पुरवठादारांची बिले पास करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना आमच्याबद्दल कोणीही काही सांगितलेले नव्हते. त्यांनी खुर्च्या ओढून घ्यायला सांगितल्या, म्हणाल्या, काम थांबवता येणार नाही, बघत बसा आणि विचारायचे ते विचारा.

माझ्या काकांचे उद्यमबागेत दोन लेथचे छोटे वर्कशॉप आहे. बुश, पिन असले जॉब वळवून ते कोल्हापूर, पुण्याकडच्या कंपन्यांना पाठवतात. त्यांची बिले आणि चलने कॉलेजातून आल्यावर मी टाइप करते. माल गेला की महिना-दीड महिन्याने फोनाफोनी सुरू होते. “साहेब, बिल कुठवर आलं?” आणि पलीकडून ठरलेले उत्तर, “प्रोसेसमध्ये आहे.” हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ती प्रोसेस म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. त्या दुपारी ती माझ्यासमोर उघडी पडली होती.

बाईंच्या स्क्रीनवर एकेका बिलाचे तीन कागद शेजारी शेजारी लागत होते. खरेदी खात्याची पीओ (मागणीपत्र), स्टोअरची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि पुरवठादाराचा इनव्हॉइस (बिल). पीओमध्ये किती नग कोणत्या दराने मागवले ते, जीआरएनमध्ये प्रत्यक्ष किती आले आणि तपासणीत किती पास झाले ते, आणि इनव्हॉइसमध्ये पुरवठादार किती मागतो ते. तिन्ही जुळले तर बिल पुढे सरकते, नाही तर सिस्टीम ते होल्डला टाकते. समजा 200 नग पाठवले, तपासणीत 6 नापास झाले, जीआरएन 194 ची निघाली आणि बिल 200 चे आले. मग 6 नगांचे पैसे न अडकता अख्खे बिल अडकते. तेवढी रक्कम बिलातून कमी केल्याचा कागद, म्हणजे क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट, झाल्याशिवाय ते हलत नाही आणि ती करा म्हणून पुरवठादाराला आपणहून कळवणे हे नेमके कोणाचे काम, याची पुष्कळदा वाटणीच झालेली नसते. स्टोअरला वाटते खरेदी खाते कळवेल, खरेदी खात्याला वाटते अकाउंट्स. काका फोन करतात तो लागतो तिसऱ्याच माणसाला.

मग मी 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचे विचारले. लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत आणि करारच नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, एवढे आम्हाला वर्गात शिकवले होते. पण हे दिवस मोजायचे कुठून? बाई म्हणाल्या, माल स्वीकारल्यापासून, आणि माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर तो पोचला त्या दिवसापासून. म्हणजे जीआरएन उशिरा निघाली म्हणून मुदत पुढे ढकलली जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. पाठ्यपुस्तकात हे चार ओळींत उरकले आहे. तिथे खऱ्या बिलावर ते दिसत होते. पुरवठादाराची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, सिस्टीममध्ये कुठे भरतात आणि ती भरलेली नसली की त्याचे बिल इतरांच्या रांगेत कसे जाते, हे त्या दाखवायला लागल्या होत्या.

तेवढ्यात आपल्या संयोजकांपैकी एक जण आले आणि फोटो काढायचा आहे, टी-शर्ट घालून खाली या म्हणाले. आम्ही अजून थोडा वेळ मागितला. कार्यक्रमपत्रिकेत हे सत्र नाही, असे उत्तर मिळाले.

माझी तक्रार ती हीच. विभागात बसून काम बघणे हे आपण विकले आणि तेवढेच सोडून बाकी सगळे दिले. जे चुकून मिळाले ते पत्रिकेत नाही म्हणून मध्येच तोडले. तीन दिवसांत कामाबद्दल बोलणारी माणसे पुष्कळ भेटली, काम करणाऱ्या त्या एकट्याच. बी.कॉम. झाल्यावर आमच्याकडे पोरे बँकेच्या परीक्षांना बसतात, सीएच्या वाटेला जातात किंवा घरचा धंदा बघतात. कंपनीत बिले पास करणे ही पगाराची, शिकत वर जाण्याची नोकरी असते आणि तिला लागणारे निम्मे मी आधीच करते आहे, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळले. सभागृहात या नोकरीबद्दल एक शब्दही निघाला नाही.

आपल्या हेल्पडेस्कने मला कळवले की ‘अनुभव व्यक्तिसापेक्ष असतो’. भाषण आवडले की नाही हे व्यक्तिसापेक्ष असेल. विभागात बसवले की सभागृहात, यात सापेक्ष काही नाही. हजेरीपत्रक आणि कार्यक्रमपत्रिका आपल्याकडेच आहे, त्यावरून पाहावे.

आता बसभाडे. ही रक्कम इतकी लहान आहे की लिहायला संकोच वाटतो, पण नकाराची कारणे वाचल्यावर संकोच गेला. मी खानापूरहून बेळगाव आणि बेळगावहून निपाणी वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसने आले. कर्नाटकात जून 2023 पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे त्या तिकिटांवर रक्कम शून्य असते. निपाणीपासून पुढे मी महाराष्ट्राच्या एसटीने गेले, तिथे 2023 पासूनच महिलांना अर्धे तिकीट आहे. दावा फक्त त्या अर्ध्या तिकिटांचा केला आणि सगळा प्रवास दिसावा म्हणून शून्याची तिकिटेही जोडली. आपल्याकडून शंका आली की शून्य रुपयांचे तिकीट असते का, आणि त्यावरचे कन्नड वाचता येत नाही. आकडे इंग्रजीतच छापलेले असतात.

त्याचा खुलासा केला तर पुढचे उत्तर आले. माझा पत्ता कर्नाटकातला असल्यामुळे दावा बेंगळुरू कार्यालयाकडे पाठवा. बेंगळुरूने कळवले की कार्यक्रम पुण्याचा, तेव्हा पैसे पुण्याने द्यावेत. माझ्याच गटातल्या कोल्हापूरच्या मुलीला तिचे भाडे कधीच मिळाले. आमच्या भागाला ही टोलवाटोलवी नवीन नाही. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. बसभाड्याचा निकाल त्याआधी लावायला हरकत नसावी. जाहिरातीत ‘पुण्याबाहेरून येणारे’ एवढेच लिहिले होते आणि खानापूर पुण्याबाहेर आहे याबद्दल दोन्ही राज्यांत एकमत आहे.

आणखी दोन बाबी. प्रमाणपत्र डाउनलोड करायला गेले तर आधी अभिप्राय, तोही पाच तारे दिल्यावरच पुढचे पान उघडते आणि मग लिंक्डइनवर पोस्ट टाकून तिची लिंक मागितली जाते. मी तीन तारे दिले, म्हणून माझे प्रमाणपत्र अजून पोर्टलवर अडकलेले आहे. दुसरे म्हणजे जीएसटी घेतला, पण मिळालेल्या पावतीवर ना आपला जीएसटी क्रमांक आहे, ना कराची रक्कम वेगळी दाखवलेली. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, एवढे माझ्या नजरेतून सुटणार नाही. याशिवाय त्या कोर्सवाल्यांचे फोन मला अजून येतात. माझा नंबर त्यांना देण्याची परवानगी मी दिलेली नाही. तो त्यांच्या यादीतून काढायला लावावा.

माझ्या मागण्या अशा आहेत. शुल्काचे 5,310 रुपये परत मिळावेत. त्या एका तासाचे पैसे कापायचे असतील तर जरूर कापा, फक्त ते त्या बाईंच्या हातात जातील असे बघा. अर्जात लिहिलेले एसटीचे भाडे त्याच खात्यावर जमा करावे. जीएसटी क्रमांकासह बिल द्यावे आणि प्रमाणपत्र ताऱ्यांच्या अटीशिवाय मिळावे. पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू झाल्याचे दिसते, तेव्हा जाहिरातीत एक तर खरे वेळापत्रक छापा, नाही तर मुलांना खरोखर अकाउंट्समध्ये, स्टोअरमध्ये, खरेदी खात्यात बसवा. त्याला सभागृहाचे भाडे लागत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगात जाईन. या कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. म्हणजे मला पुण्याला यावे लागणार नाही, बेंगळुरूलाही नाही. आपल्या प्रतिनिधीला मात्र बेळगावला यावे लागेल आणि त्याच्या बसभाड्याचे आपण आपसांत ठरवावे.

पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, कार्यक्रमपत्रिका, सर्व तिकिटांच्या प्रती आणि दोन्ही कार्यालयांची उत्तरे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
कार्यक्रमातील सहभागी विद्यार्थिनी
बी.कॉम., अंतिम वर्ष
ता. खानापूर, जि. बेळगाव