आईचे दोन हजार

चंदगड
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर बोलायला गेलं की शेजारी कोणीतरी बसलेलं असतं, नाहीतर रेंज जाते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. आईला आता अक्षर दिसत नाही, तेव्हा तुम्हीच तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं. मधलं काही गाळायचं नाही. तुमच्याबद्दलचंसुद्धा.

गणपतीला आले होते तेव्हा निघताना आईनं कनवटीचे पाचशे रुपये काढून धाकट्याच्या हातात ठेवले. तुम्ही पडवीत होता. म्हणालात, "सरकारच्या भिकेवर नातवाचे लाड चाललेत." आईनं ते ऐकलं. काही न बोलता आत गेली आणि मी निघेपर्यंत चुलीपुढनं उठली नाही. बेळगावहून एसटीत बसले तरी शिनोळीचा नाका येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं.

बाबा, तुमच्या खात्यावर २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार येतात. दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. उतारा तुमच्या नावावर आहे म्हणून येतात. ते आले की तुम्ही सगळ्यांना सांगता, "किसानचे पैसे पडले." त्याला तुम्ही कधी भीक म्हणाला नाहीत, आणि म्हणूही नये. पण त्याच शेतात गुडघाभर चिखलात वाकून रोप कोणी लावलं? भांगलण कोणी केली? तिचं नाव उताऱ्यावर नाही, एवढ्यानं तिच्या पैशाची जात बदलते का? २०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार तिच्या नावावर येतात. साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिच्या नावावर आलेला हा पहिला पैसा. तिच्या बापानं काही नाव लावलं नाही, तुम्हीही लावलं नाही. हे रागानं लिहीत नाही, पण खरं आहे.

तुम्हाला आठवतं ना, मी सातवीत होते तेव्हाचा आषाढ? आठ दिवस पाऊस हटला नव्हता. दादा तापानं फणफणलेला, खानापूरच्या डॉक्टरनं बेळगावला न्यायला सांगितलं आणि घरात दोनशे रुपयेसुद्धा नव्हते. कणगीत भात होतं, पण त्या पावसात ते घेणार कोण? शेवटी आईची बोरमाळ गहाण गेली. तीन हजार रुपये, शेकडा पाच, महिन्याला. अडीच वर्षं तुम्ही महिन्याला दीडशे भरत होता. साडेचार हजार नुसतं व्याज गेलं, मुद्दल जागच्या जागी, आणि बोरमाळ परत आलीच नाही. त्या आठवड्यात कोणी हातात दोन हजार ठेवले असते तर ती आजही आईच्या गळ्यात असती. आमच्या बँकेत काऊंटरला बसून मी रोज हेच बघते. वर्षाकाठी काहीतरी येतंच घरात. काजू येतो, भात येतं, दादा गोव्याहून पाठवतो. पण आषाढ-श्रावणात, शाळा सुरू व्हायच्या वेळी, बाळंतपणाच्या वेळी हात रिकामा असतो, आणि त्या एका महिन्यात माणूस जे करून बसतो ते पुढं पाच वर्षं फेडत राहतो.

इकडे महाराष्ट्रात गेल्या वर्षीच्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले. माझ्या जावेला मिळतात. सध्या केवायसीची गडबड चालू आहे, सकाळी शटर उघडायच्या आधी बायका पायरीवर बसलेल्या असतात. "बाई, पडले काय?" एवढंच विचारतात. पडले म्हटलं की चेहरा कसा होतो ते तुम्ही एकदा येऊन बघा. एक आजी दर महिन्याला हजार काढते आणि पाचशे ठेवून जाते. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "माझ्या तेराव्याला पोरांना कर्ज नको." मला पुढं काही बोलता आलं नाही.

सीमा म्हणून इतकी वर्षं आपण भांडलो, कन्नड कागद आणि मराठी कागद. पण नाक्याच्या अलीकडची बाई आणि पलीकडची बाई त्या पैशांचं काय करते ते बघायला गेलं तर सगळं सारखंच. आधी दुकानाची उधारी. मग औषध. मग पोरांच्या वह्या, चपला. मग कधीतरी अंडी. आईनंही तेच केलं ना? दुकानाच्या वहीतलं आपलं पान कोरं झालं, दादाच्या पोरीला शाळेचे बूट आले, आणि तिची रक्तदाबाची गोळी आता एक दिवसाआड होत नाही.

अजून एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल, आई सांगणार नाही. घरावर पत्रे घातले तेव्हा तिनं बायकांच्या गटातून एका फायनान्सचे तीस हजार उचलले होते. आठवड्याला साडेपाचशेचा हप्ता. एकीचा चुकला की बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर वसुलीवाला दारात बसून राहायचा, आणि गावासमोर लाज. म्हणजे गृहलक्ष्मीचे दोन हजार आले की चार आठवड्यांत तिकडंच जायचे, वरचे दोनशे ती काजूबिया वेचून भरायची. यंदा फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं या वसुलीच्या जाचाविरुद्ध वटहुकूम काढला, तोवर तिचे शेवटचे हप्ते उरले होते. मार्चमध्ये फिटलं. तुम्हाला वाटत होतं पैसे उडवते आहे. ती तुमच्या डोक्यावरचं छप्पर फेडत होती, बाबा.

तुम्ही म्हणता, फुकटचं मिळालं की माणूस आळशी होतो. मला हे पटत नव्हतं, पण नुसतं पटत नाही म्हणून भागत नाही, म्हणून मी वाचलं. मध्य प्रदेशात २०११ साली 'सेवा' या कामकरी बायकांच्या संघटनेनं आठ गावांत एक प्रयोग केला. गावातल्या प्रत्येक माणसाला, काही अट न घालता, महिन्याला पैसे. मोठ्यांना दोनशे, पोरांना शंभर, आणि पुढं तीनशे आणि दीडशे. दीड वर्षभर. पोरांचा पैसा आयांच्या हातात. लोकांनी काम सोडलं नाही, दारूवर उधळलं नाही. उलट ज्याला मजुरीवाचून गत्यंतर नव्हतं त्यानं आपल्या रानात बी-बियाणं घातलं, शिलाई मशीन घेतली. ताटात भाजी आली, मुलींची वजनं सुधारली. आफ्रिकेत केनियामध्ये तर ६५३ खेड्यांत मोजून बघितलंय, साडेदहा हजार गरीब घरांना एकदाच मोठी रक्कम दिली. ज्यांना एक पैसाही मिळाला नव्हता त्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं, कारण पैसा तिथल्याच दुकानात, तिथल्याच सुताराकडं फिरला. बाजारभाव जवळजवळ हलले नाहीत. हे वाचताना मला आपल्या तिठ्यावरचा शिंपी आठवला. तुम्हीच म्हणाला होता ना, या गौरीला त्याला रात्री जागून ब्लाऊज शिवावे लागले?

सगळं चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. दोन हजार २०२३ मध्ये ठरले तेवढेच आहेत, तेल-डाळ कुठल्या कुठं गेली. कधी दोन-तीन महिने काही येत नाही आणि मग एकदम येतं. तेवढ्यात बाई पुन्हा उधारी करून बसते, म्हणजे ज्यासाठी दिलं तेच हुकलं. वेळेवर आलेले हजार मला उशिराच्या दोन हजारांपेक्षा मोलाचे वाटतात. आणि पैशानं गावात डॉक्टर येत नाही, मास्तर येत नाही. ते सरकारनं वेगळं द्यायलाच हवं, हे देतो म्हणून ते चुकवता येणार नाही. आईचा अंगठा मशिनवर उमटत नाही, राखेनं भांडी घासून रेघाच राहिल्या नाहीत. तो मशीनवाला चार वेळा दाबायला लावतो आणि वर वीस रुपये घेतो. वीस रुपये कशाचे? पुढच्या वेळी देऊ नका, बँकेतच जा. आईला बस फुकट आहे. शक्ती योजना आल्यावर ती जन्मात पहिल्यांदा एकटी बेळगावला जाऊन आली, तेव्हा खानापूरची बँक काही लांब नाही.

आणि वहिनी. रेशन कार्डावर घरची कर्ती म्हणून आईचं नाव, म्हणून पैसे आईला. वहिनी त्याच चुलीवर राबते, दादा गोव्यात, तिच्या हातात काही नाही. आईनं तिला महिन्याला तीनशे द्यायला सुरुवात केलीय, हे वहिनीनंच मला सांगितलं, सांगताना रडली. आई, तू कुठून शिकलीस गं हे? तुला तर कोणी दिलं नव्हतं.

रायबागकडच्या एका आजींची बातमी गेल्या वर्षी सगळीकडे आली होती. गृहलक्ष्मीचे पैसे साठवून त्यांनी गावाला पुरणपोळीचं जेवण घातलं. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, बघा, उधळपट्टी. मला वाटतं त्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या पंगतीत वाढलं असेल. एकदा यजमान होऊन बघावंसं वाटलं तिला.

आता मुद्द्याचं. यंदाच्या खरिपात तिचे दोन हप्ते तुम्ही खताला आणि ट्रॅक्टरला घेतले. त्यात चूक नव्हती, भात उभं राहायला हवंच. पण तुम्ही तिला विचारलं नाहीत. पासबुक खुंटीवरनं काढलं आणि तिला घेऊन गेलात, तिनं अंगठा दाबला. ते पैसे डोळ्याचे होते, बाबा. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट होतं हे मलाही कळतं, पण येणं-जाणं, चष्मा, थेंब, दोन दिवस सोबतीला राहणाऱ्याचं जेवण, हे फुकट नसतं. त्यासाठी तिनं चार हजार जमवले होते. उजव्या डोळ्यानं आता तिला तांदळातला खडा दिसत नाही, आणि ती म्हणते, सुगी होऊ दे. गेल्या वर्षीही सुगी होऊ दे म्हणाली होती.

तुमच्या स्वतःच्या पैशाचंही बघायचं आहे. संध्या सुरक्षाचे, म्हणजे कर्नाटकच्या म्हातारपणाच्या पेन्शनचे, महिन्याला बाराशे तुम्हाला मिळायला हवेत. पासष्ट पुरी झाली तुमची, पण आधारवर जन्मतारीख चुकीची पडलीय म्हणून तुम्ही एकसष्टचेच. शाळेचा दाखला माझ्याकडे आहे, मराठी शाळेचा, सातवी पास. तो मी घेऊन येते. आधी आधार दुरुस्त करू, मग उत्पन्नाचा दाखला, मग नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीत, अर्ज. अर्ज कन्नडमध्ये असला तरी घाबरू नका, आमच्या बँकेतली एक मैत्रीण भरून देणार आहे. आणि ते पैसे आले की त्यालाही भीक म्हणायचं नाही. चाळीस वर्षं तुम्ही गोव्यात, खाणीवर, रानात राबलात. काडीपेटीवर, विडीवर कर भरलात. त्यातलंच येतंय.

दिवाळीच्या आधी, चौदा तारखेला मंगळवारी, मी सुट्टी टाकलीय. सकाळच्या गाडीनं येते, आईला घेऊन बेळगावला जाते. डोळे तपासून तारीख घेऊ. सुगीला मी आणि जाऊ दोघी येतो चार दिवस कापणीला, गडी कमी पडणार नाही.

आई, पासबुक खुंटीवर ठेवू नको, तुझ्या पेटीत ठेव. किल्ली तुझ्याकडं. बाबा, तुम्हाला खताला लागले तर तिच्याकडं मागा. ती नाही म्हणणार नाही, तुम्हाला माहीत आहे.

इथपर्यंत वाचून दाखवलंत ना? मग तिला विचारा, डावा आधी की उजवा.

तुमची लेक