गाठ कुठल्या झडपेवर होती?

चिपळूण, रविवार

दिन्या,

फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. चीड. हे फोनवर सांगायला तोंडच होईना. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे, पुढे.

आमचं पुढचं दार मी विकलं. २०२१च्या जुलैत वाशिष्ठी घरात शिरली तेव्हापासून ते फुगलेलंच, झडपा एकमेकींना भिडायच्या नाहीत. जुना माल घेणारा ११ हजार म्हणाला आणि मी टेम्पोत चढवून दिलं. आता लोखंडी आहे. पुन्हा पाणी आलं तर पुसून मोकळं.

आईला यातलं काही माहीत नाही. वसुबारसेला ती भावाकडून परत येतेय. म्हणून पत्र्यावर सागवान रंगवतोय. हसू नकोस.

रेड ऑक्साइड मारलं, वर बदामी ऑइल पेंटचे दोन हात, ते कडक वाळू दिले. मग तपकिरी बर्न्ट अंबर रंगामध्ये टर्पेंटाइन आणि थोडं जवसाचं तेल. पातळ हात मारायचा आणि ओला असतानाच कोरडा ब्रश वरून खाली एका दमात ओढायचा. मध्ये थबकलास की डाग. रबरी ठसाही आणला, ओढता ओढता डोलवायचा तो. पण मेला दर फूटभरावर तीच गाठ काढतो. सागाला जुळं होत नाही रे! शेवटी बोटाला चिंधी गुंडाळून गाठी काढतोय. (चिंध्या पाण्याच्या बादलीत टाकतो. अप्पांच्या वखारीत तेलाचा बोळा आपोआप पेटला आणि आळ आपल्या बिड्यांवर आला, ते विसरलेलो नाही.)

आणि हो, आडव्या पट्टीवर रेघा आडव्या, उभीवर उभ्या. सांध्याला चिकटपट्टी लावून एकेक पट्टी वेगळी रंगवायची. राज्य नाट्यस्पर्धेला रत्नागिरी केंद्रावर तू सेटचं अख्खं दार वरपासून खालपर्यंत एकाच रेघेत ओढलंस, मी त्याला शेव म्हणालो आणि तू तीन आठवडे बोलला नाहीस. शेवच होती ती.

आता खरं दुखणं. ती मोठी गाठ, अंड्याएवढी, तू जिला बैलाचा डोळा म्हणायचास, ती कुठल्या झडपेवर होती? दसऱ्याला आई उंबऱ्याआधी तिलाच हळदकुंकू लावायची. मला डावी आठवते, भाऊ उजवी म्हणतो. मी रस्त्यातून बघतोय आणि तो ओटीवरून, असंही असेल; त्याला विचारलं तर 'दार तर आहे ना जागेवर, जाऊन बघ' म्हणाला. त्यालाही सांगितलेलं नाही. फोटो सगळे काढून बसलो. एकात दार सताड उघडं. मुंजीच्या फोटोत नेमकी काशीआत्या पुढे, आणि ती उभी राहिली की दोन्ही झडपा झाकतात.

तू रस्त्यात उभा राहून टेनिसचा चेंडू त्या डोळ्यावर मारायचास. दहापैकी सात बसायचे. (तू नऊ सांगतोस.) मग चेंडू तुझ्या कुठल्या हाताला जायचा? किती उंचीवर, छातीच्या की कमरेच्या? डोळे मीट, हात उगार आणि सांग.

मनूचं बारावीचं कळलं, शाब्बास म्हण. वहिनींचा गुडघा? नव्या साहेबाशी भांडू नकोस, निदान दिवाळीपर्यंत.

दोन्ही झडपांचे मधले दिले, म्हणजे पट्ट्यांमधले चौकोन, अजून बदामीच ठेवलेत. एकदा रंग ओढला की गाठ काढायला अर्धा तास मिळतो, मग पुसली जात नाही. पत्र मिळाल्या मिळाल्या फोन कर. या वेळी उचलतो.

तुझा,
बाळ्या