कुत्र्याला कसला कंटाळा

नाशिक,
२८ जानेवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री पिल्लाचा फोटो पाठवलास आणि खाली विचारलंस, "आई, अजून काय काय आणू?" पट्टा, दोन भांडी, बिछाना, दाबली की चूंचूं वाजणारी चार रबरी खेळणी, एवढं तर तू आधीच घेऊन बसला आहेस. "उद्या सांगते" म्हणाले खरी, पण मला झोप लागली नाही. सारखा मोती डोळ्यांसमोर येत होता. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

सिडकोच्या घरामागचा जिना आठवतो? त्याखाली मोतीची साखळी असायची. साखळी पोचेल तिथवर जमिनीवर एक अर्धगोल पडला होता. पावसाळ्यात आजूबाजूला गुडघाभर गवत माजायचं, पण त्या अर्धगोलात काडी उगवायची नाही. मोती दिवसभर तेवढ्याच वाटेवरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरायचा. तू दुसरीत असशील. त्याला पोळी टाकून आलास आणि मला म्हणालास, "आई, मोतीला कंटाळा येत नसेल का गं?" मी कणीक मळत होते. म्हणाले, "कुत्र्याला कसला कंटाळा! वेळेवर खायला मिळतंय ना त्याला?"

आम्ही त्याला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. त्यामुळे त्याचं सगळं नीट चाललंय, अशीच माझी समजूत होती. तो भुंकायचा, माती उकरायचा, दोरीवरचा टॉवेल ओढून चिंध्या करायचा, तेव्हा आम्ही त्याला द्वाड ठरवून मोकळे झालो. बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. चुकलं ते माझं उत्तर.

हे मला कळलं ते जनावरांच्या निवाऱ्यात मदतीला जायला लागल्यावर. दोन वर्षं झाली, मंगळवारी आणि शनिवारी मी तिथे जाते. सकाळी साडेसातला फाटकाची कडी वाजली की सगळी कुत्री एकदम ओरडायला लागतात. कानठळ्या बसतात, पण पाच मिनिटांत शांत होतात. सध्या थंडी मरणाची आहे, त्यामुळे पहिलं काम रात्री ओली झालेली गोणपाटं बदलायचं. मग झाडलोट, औषधं, खाणं. संक्रांतीनंतरचा आठवडा तर पक्ष्यांतच गेला. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी पंख चिरलेली कबुतरं, बगळे, दोन घुबडं आली. त्यातली बरीच वाचली नाहीत.

नसबंदीसाठी आणलेली कुत्री थोड्याच दिवसांची पाहुणी. कानाला खूण करून त्यांना जिथून आणलं त्याच गल्लीत परत सोडतात, नियमच तसा आहे. जीव तुटतो तो कायमच्या राहणाऱ्यांसाठी. कुणी गाडीखाली आलेलं, कुणी आंधळं, कुणाच्या मालकानं फ्लॅट बदलला म्हणून दारात आणून बांधलेलं. त्यांना खाणं, औषध, ऊब सगळं आहे, पण दिवस सरता सरत नाही. काही जण पिंजऱ्यात गोल गोल फिरतात, काही स्वतःचाच पाय चाटून चाटून त्याची जखम करतात. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारं कुत्रं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो अर्धगोल दिसला.

तिथली मुलं ज्याला 'एनरिचमेंट' म्हणतात त्याला मी आपलं 'उद्योग' म्हणते. उद्योग म्हणजे नाकाला काम, दातांना काम, डोक्याला काम. काळी नावाची एक कुत्री आली होती, गळ्यात साखळी रुतून जखम झालेली. अकरा दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. वाटी पुढे ठेवली तर माणसं गेल्यावर रात्री खायची. मग एका मुलीनं बुटांचा रिकामा खोका घेतला, त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरले, बोळ्यांत उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे लपवले आणि खोका तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला. आम्ही लांब जाऊन बसलो. आधी फक्त नाकपुडी हलली. मग मान वळली. खोक्याचं झाकण नाकानं उचललं, ते पडलं, तशी ती दचकून मागे सरली. पुन्हा आली. पहिला बोळा तोंडात धरून तिनं टर्रकन फाडला आणि त्या आवाजासरशी तिची शेपटी हलली. एकदाच हलली, पण आम्ही सगळ्यांनी पाहिली. खोक्याचा भुगा व्हायला पाऊण तास लागला. त्यानंतर ती आमच्याकडे तोंड करून झोपली.

मला तेव्हा प्रश्न पडला होता की वाटीत सरळ मिळत असताना जनावर एवढा खटाटोप का करेल. डॉक्टरांनी सांगितलं की १९६३ साली जेन्सन नावाच्या एका शास्त्रज्ञानं उंदरांवर हेच पाहिलं होतं. समोर दाण्यांची वाटी भरलेली असूनही उंदीर दांडा दाबून दाणे कमवायला जायचे. पुढे इतर अनेक प्राण्यांतही हेच दिसलं. मांजर मात्र फुकटचं आधी खातं! तुझ्या रूममेटच्या मनीला म्हणून खाण्यासाठी फार राबवू नका, तिला लपायला जागा द्या. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात १९ नव्या मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला, काहींना नाही. खोकेवाली मांजरं लवकर सावरली. पिल्लू घरात आलंय म्हटल्यावर मनीला कपाटावर चढायला वाट आणि वर एक खोका हवाच. तिथे पिल्लाला पोचू देऊ नका, तुम्हीही हात घालू नका.

आता तुझं पिल्लू. तू दहा तास ऑफिसात. मला खरी काळजी त्याची आहे. दुपारी कुणीतरी येऊन त्याला भेटेल अशी सोय आधी कर, खेळणी नंतर. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांत नेऊ नकोस, पार्व्हो नावाचा रोग झाला तर लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं. पण तोवर त्याला चार भिंतींतच कोंडू नकोस. कडेवर घेऊन खाली ने, रिक्षा, भाजीवाला, कुकरची शिट्टी, सगळं पाहू दे, ऐकू दे.

सगळंच खाणं वाटीत देऊ नकोस. जुन्या टॉवेलवर दाणे पसरून टॉवेल गुंडाळ, त्याला उलगडू दे. दात येताना ते सोफा खाईल. रागावू नकोस, सुती फडका भिजवून, पीळ घालून फ्रीजरमध्ये ठेव आणि चावायला दे, पण तू समोर असतानाच, नाहीतर धागे गिळेल. पुढे फिरायला नेशील तेव्हा दहा पावलं कमी चाललात तरी चालेल, पण त्याला हुंगू दे. रात्री त्या खांबाशी कोण येऊन गेलं, याची त्याला फार उत्सुकता असते. मोतीला आम्ही आठवड्यातून एकदा बाहेर काढायचो आणि तेव्हाही "चल, चल" करत ओढायचो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. नाशिकच्या माणसाला ती पटायला जड जाते. आपली दोन्ही पिकं, कांदा आणि द्राक्ष, कुत्र्याला विष आहेत. कांद्यानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवला तरी तेच, म्हणून रश्श्यात कालवलेली पोळी नको. द्राक्षानं, मनुक्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यानं होईल याचा नेम नाही. चुकून खाल्लंच तर वाट बघत बसू नकोस, तडक डॉक्टरांकडे ने.

शनिवारी बाबा पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर द्राक्षांची पेटी पाठवते. ओट्यावर वरच ठेव. संपली की खोका टाकू नकोस. पिना आणि चिकटपट्टी काढ, कोपऱ्यात एखादा मणी राहिला नाही ना ते हात घालून बघ, ओल्या फडक्यानं पूस, कागदाचे बोळे भर आणि त्याचं संध्याकाळचं खाणं त्यात टाक. मग जरा लांब जाऊन बस, आणि तो काय करतो त्याचा व्हिडिओ मला पाठव.

तुझी,
आई