कुठलं झाड सोडायचं ते गावाला ठरवू द्या : वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब नमस्कार,

सुरुवात मेक्सिकोपासून करतोय पण पत्र तुम्हालाच आहे. आपल्याकडे बांधावर घायपात असतं ना, दोरखंडाचं, ते मूळचं तिकडचं. आपलं घायपात मरता मरत नाही, बुडाला पिल्लं फुटतात, उपटून फेकलं तरी परत येतं. त्यामुळे घायपाताची एखादी जात संपत आलीय असं कोणी म्हटलं तर हसूच येईल, मलापण आलं होतं.

पण तिकडे गेरेरो राज्याच्या डोंगरात पापालोते म्हणून जात आहे, ओआहाकात तोबाला आहे, ह्यांना पिल्लं फुटत नाहीत, जे काय ते बियांवर. झाड आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त, नुसतं वाढतं, मग एकदाच उंच दांडा काढून फुलतं आणि मरतं. आणि मेस्काल दारूला नेमकं हेच तयार झाड लागतं, दांडा फुलायच्या आत छाटतात म्हणजे साखर गड्ड्यातच राहते, मग पानं तासून गड्डा भट्टीत. म्हणजे दारूला गेलेलं प्रत्येक झाड बी न टाकता गेलं. 2011 ला सर्टिफाइड मेस्काल जेमतेम 10 लाख लिटर होती, 2022 ला 1 कोटी 40 लाख. त्यातली बरीचशी लागवडीच्या एस्पादीन जातीची हे खरं, पण रानातल्या झाडाच्या बाटलीला भाव जास्त, मग डोंगर कोण सोडतंय.

गेरेरोत चिलापा भागातल्या गावांनी ह्यावर जे केलं ते वाचून हे पत्र लिहायला बसलो. मेक्सिकोत बरीच जमीन गावाच्या सामाईक ताब्यात आहे, 1910 च्या क्रांतीनंतर आलेली व्यवस्था, त्यामुळे निर्णय गावच्या सभेत होतो. यंदा कुठल्या डोंगरात तोडायचं, कुठला बंद, किती झाडं दांड्यासकट बियांसाठी उभी ठेवायची. बी गोळा करून रोपं करायची आणि पावसाळ्यात परत डोंगरात लावायची. सान्सेकान तिनेमी ही शेतकऱ्यांची संघटना आणि काही अभ्यासक सोबत होते, पण नियम गावाचाच. जो गड्डे तोडतो तोच सभेत हात वर करतो, आणि कोणी चोरून तोडलं तर ते शेजाऱ्याला आधी कळतं, गार्डला नंतर.

(ह्या फुलांचं परागीकरण वटवाघळं करतात, हे एक वेगळंच प्रकरण. रॉड्रिगो मेडेलिन ह्या तिथल्या शास्त्रज्ञांनी शेतातली 5 टक्के झाडं फुलू देणाऱ्यांच्या बाटलीवर 'बॅट फ्रेंडली' शिक्का सुरू करवला. आपल्या मोहाच्या फुलांवरपण वटवाघळं येतात, असो.)

आता आपली सफेद मुसळी घ्या, रानातली औषधी कंदाची वनस्पती. कंद खणला की झाड गेलं, हिशोब पापालोतेचाच. आमच्याकडे बी पडायच्या आधीच खणतात, कारण आपण नाही खणली तर दुसरा खणणार हे प्रत्येकाला माहीत आहे. एका गावाने ग्रामसभेत ठराव केला, की ठरावीक तारखेच्या आत कुणी कुदळ लावायची नाही आणि एक पट्टा तीन वर्षं बंद. तो कागद एका ऑफिसात 'फॉरमॅटमध्ये नाही' म्हणून पडून राहिला आणि त्या सीझनला बाहेरचा टेम्पो त्याच पट्ट्यातून भरून गेला.

साहेब, 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 ग्रामसभेला हा अधिकार देतंच. रानातल्या मालाच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या समितीने द्यायचा हे 2012 च्या नियमदुरुस्तीत लिहिलंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क 2009 ला मिळाला पण बांबूच्या पासचं पुस्तक हातात पडायला 2011 उजाडलं, तेपण केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा. प्रत्येक गावाला मंत्री कुठून आणायचा?

माझं मागणं एवढंच, की ग्रामसभेचा 'यंदा बंद' हा ठराव तुमच्या नाक्यांवर पोचावा आणि त्या रानाचा माल समितीच्या पासशिवाय पुढे सुटू नये. आणि रोपवाटिकेचे पैसे बी गोळा करणाऱ्या बायकांच्या हातात द्या, सागाची रोपं पाठवू नका.

ह्यासाठी मेक्सिकोचा अभ्यासदौरा काढायची गरज नाही, आधीच सांगून ठेवतो. धानोरा तालुक्यात मेंढ्याला जा, गाडीने जाता येतं.

आपला,
जंगलाकडेच्या गावातला एक मतदार