शिफारशीच्या यादीत एक तरी मराठी पुस्तक टाका की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची मला सवय नाही, बँकेत ३४ वर्षं काढली त्यात जे काय लिहिलं ते व्हाउचर आणि लेजर, त्यामुळे भाषा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या. विषय लायब्ररीचा आहे. म्हणजे एका कॅथलिक कॉलेजच्या लायब्ररीचा, पण सुरुवात बेल्जियमपासून करावी लागतेय त्याला इलाज नाही.

माझी भाची लुव्हेनला शिकते. तिथली कॅथलिक युनिव्हर्सिटी १४२५ सालची, पोपने परवानगी देऊन सुरू केलेली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधीची. तर या पोरीच्या लायब्ररीकडून दर महिन्याला एक पत्रक येतं, परीक्षेच्या दिवसात लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी, काचेच्या कपाटात सध्या काय मांडलंय, आणि शेवटी हे हे वाचा म्हणून पाच-सहा पुस्तकं. ती मला व्हॉट्सअॅपवर पाठवते, मावशी बघ म्हणून. मला त्यातलं निम्मं कळत नाही पण मी वाचते, आणि मग उत्सुकता म्हणून त्या लायब्ररीबद्दलच वाचत बसले तर रात्रीचे दोन वाजले.

ती लायब्ररी दोनदा जळलीय. पहिल्यांदा ऑगस्ट १९१४ ला, जर्मन सैन्याने गाव पेटवलं त्यात सुमारे ३ लाख पुस्तकं गेली, हस्तलिखितं वेगळीच. मग अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांनी वर्गणी काढून नवी इमारत बांधून दिली, १९२८ ला उघडली, देणाऱ्यांची नावं भिंतीच्या दगडांवर कोरलीत आपल्या देवळात पायऱ्यांवर असतात तशी. आणि मे १९४० मध्ये परत आग, या वेळी जवळजवळ ९ लाख पुस्तकं. एवढं होऊन ते लोक परत उभे राहिले. पण मला खरा धक्का बसला तो तिसऱ्या गोष्टीचा, कारण त्यात जर्मन नव्हते, घरचेच होते.

झालं असं की तिथे डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे यांचं भांडण, विद्यार्थी रस्त्यावर, १९६८ ला त्यावरून सरकार पडलं, आणि शेवटी युनिव्हर्सिटीच्या दोन केल्या. फ्रेंचवाल्यांनी दुसरीकडे नवीन गावच वसवलं. आता लायब्ररीचं काय करायचं? तर शेल्फनंबर विषम असेल ते पुस्तक एकाला, सम असेल ते दुसऱ्याला, अशी वाटणी केली. मी हे वाचून आधी हसले, मग वाटलं हसण्यासारखं काही नाही, आपण बेळगाववरून इतकी वर्षं भांडतोय पण वाचनालयाची पुस्तकं सम-विषम वाटून घ्यावीत हे सुदैवाने अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. (छापताना हे वाक्य गाळलंत तरी चालेल, उगाच कोणाला आयडिया नको.)

याच लुव्हेनला एक मुलगा इंजिनिअरिंग शिकला, कामिल बुल्के. घरची भाषा फ्लेमिश म्हणजे तिथली डच, आणि तेव्हा तिकडे सगळा मान फ्रेंचला, ते त्याला खुपायचं. पुढे जेझुइट म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू झाला, १९३५ ला भारतात आला, आणि इथे बघतो तर तेच, लोक आपली भाषा बाजूला ठेवून इंग्रजीच्या मागे. मग या फादर बुल्केंनी रामकथेवर थीसिस लिहिला अलाहाबादला, तोही हिंदीतून, तेव्हा थीसिस इंग्रजीतच द्यायचा असा नियम होता तो बदलायला लावला. नंतर इंग्रजी-हिंदी कोश केला, १९७४ ला पद्मभूषण मिळालं. बेल्जियममधल्या माणसाला जे टोचलं ते आम्हाला टोचत नाही, हे मला त्या रात्री दोन वाजता टोचलं.

कारण त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या लायब्ररीचा ईमेल आला होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कॅथलिक आहे, जुनं आहे, मुंबईतलंच आहे, तिथे मी १९७८ ते ८१ शिकले आणि तिथल्या लोकांना शरमिंदं करायची माझी इच्छा नाही. माजी विद्यार्थी म्हणून ईमेल येतात. त्यात लायब्ररीच्या बातम्या, नवीन एसी बसवला, ई-बुक्स घेतली, रीडिंग हॉल शनिवारी पण उघडा, सगळं छान. आणि खाली या महिन्याच्या शिफारशी, बारा पुस्तकं. बारातली बारा इंग्रजी. मी आधीचे मेल काढून बघितले, आमच्या बँकेची सवय, मागचं पुढचं टॅली केल्याशिवाय झोप नाही. गेल्या वर्षभरात एकही मराठी पुस्तक नाही. चुकून पण नाही.

आमच्या वेळी लायब्ररीत एक स्पॅनिश फादर होते. पांढरा झगा, कोपरावर खडूचे डाग. दारातच छोटा फळा असायचा, त्यावर दर सोमवारी तीन पुस्तकं लिहायचे, दोन इंग्रजी आणि एक मराठी, मराठी अक्षर इतकं वळणदार की आम्हाला लाज वाटावी. उच्चार मात्र असा की 'ळ' म्हणताना जीभ अडकायची. कोणी नुसतंच कार्ड घेऊन घुटमळत असेल तर विचारायचे, आधी काय वाचलंस? आणि त्यावरून पुढचं द्यायचे. मला त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं होतं, मी म्हटलं फादर हे तर प्रोटेस्टंट, तर हसले आणि म्हणाले आधी वाच, भांडण मग करू. भांडण झालंच नाही. सोवळं हळूहळू कसं सुटत गेलं ते ती बाई अशी सांगते की आपण हसतोय का रडतोय कळत नाही, आणि १९३४ पासून पुढे आलेलं पुस्तक आज वाचलं तरी शेजारच्या खोलीतून कोणी बोलतंय असं वाटतं. ज्याने वाचलं नसेल त्याने हे पत्र इथेच सोडून ते आणायला जावं.

तर मी गेले कॉलेजात. आयकार्ड दाखवलं, रजिस्टरमध्ये सही केली, काउंटरवरच्या मुलाला विचारलं बाबा रे मराठी सेक्शन कुठेय. तो म्हणाला मॅडम वरती, पण लाइट लावायला लागेल. लाइट लावायला लागेल! म्हणजे एरवी बंदच. वर गेले तर सहा कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, आणि पुस्तकं एकदम व्यवस्थित, कोणी हात लावला नाही तर व्यवस्थितच राहणार. मी त्याला विचारलं शिफारशीच्या यादीत यातलं काही का टाकत नाही. म्हणाला, मॅडम मराठी कोणी मागत नाही. मी म्हटलं कोणी सांगत नाही म्हणून कोणी मागत नाही. तो म्हणाला ते पण आहे. मुलगा चांगला होता, शिडी आणून दिली.

वरच्या फळीवर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण होतं. १९५६ ची देवनागरी आवृत्ती, पुण्याची. आता यावर जरा लिहू द्या, मुद्दा सगळा इथेच आहे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला ३ ऑक्टोबर २०२४ ला, तेव्हापासून ज्या कार्यक्रमाला जावं तिथे त्यातली ती मोगऱ्याची ओवी ऐकू येते, फुलांत मोगरी तशी भाषांत मराठी, मग टाळ्या, मग चहा. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या वस्तीतही झालं. पण ओवी म्हणणाऱ्याला विचारा पुढे काय आहे, तर गप्प. त्या चार ओळींच्या पुढेमागे जवळजवळ ११ हजार ओव्या आहेत हो!

हा स्टीफन्स इंग्रज, १५७९ ला गोव्याला पोचला, आयुष्याची ४० वर्षं तिकडेच काढली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना प्रश्न पडला होता की जुनी पुराणं सुटली, आता संध्याकाळी म्हणायचं काय, तर याने ख्रिस्ताचंच पुराण रचलं, ओवीमध्ये, आपल्या संतांच्या वळणावर. १६१६ ला गोव्यातल्याच रायतूरला छापलं. छापखान्यात देवनागरी टाइप नव्हते म्हणून रोमन अक्षरात छापलं, म्हणजे माझा मुलगा व्हॉट्सअॅपवर मराठी लिहितो तसं, ४०० वर्षं आधी. तीन आवृत्त्या निघाल्या, त्या तिन्हींमधली छापील प्रत आज एकही सापडत नाही, लोकांनी हाताने उतरवून ठेवलं म्हणून वाचलं, आणि १९०७ ला मंगलोरला परत छापलं गेलं. लुव्हेनची लायब्ररी जळाली तर जगभर ओरड झाली, आमचं पुराण नाहीसं झालं तर कोणाला पत्ताच नाही.

आणि वाचायला जड आहे म्हणतात ते अर्धंच खरं. पहिली शंभर पानं अडखळायला होतं, मान्य. मी मोठ्याने वाचलं तर सोपं गेलं, आमच्या गावठाणात मे महिन्यात क्रुसापाशी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणतात त्या चालीत बरोबर बसतं. आम्ही ईस्ट इंडियन, नाव इंग्रजी पण घरात मराठीच, ते नाव पण १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळचं. माझ्या आजीच्या तोंडचे दोन-तीन शब्द मला त्या पुराणात भेटले, शाळेच्या मराठीत ते कधीच भेटले नव्हते आणि बाईंनी त्यावरून मला हसलं पण होतं. ज्यांना जुनी मराठी नकोच त्यांच्यासाठी सेल्शियन संघाच्या एका फादरांनी आजच्या मराठीत अर्थ देऊन आवृत्ती काढलीय, ती घ्या.

बाकी शिफारशी पटकन सांगते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल', साहित्य अकादमीने गौरवलेलं, चर्चला न जाणाऱ्यानेही नुसतं मराठीसाठी वाचावं असं. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा फादर कशाला म्हणून काहींनी ओरडा केला होता, त्यातल्या किती जणांनी त्यांचं एक पान वाचलं होतं कोण जाणे. २०२४ ला गेले. ज्यांना हिंदी चालतं त्यांनी बुल्केंची रामकथा, पण जाडजूड आहे, ट्रेनमध्ये उभ्याने जमणार नाही. इतिहासवाल्यांना पुस्तकापेक्षा जागाच सांगते, धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये फादर हेरास यांनी १९२६ ला सुरू केलेली संस्था आहे, आणि त्याच इमारतीत फादर ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम, म्हणजे पुस्तकांऐवजी वाळवलेल्या झाडांची लायब्ररी म्हणा. आणि टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे इटलीचा जुना कवी दान्ते याच्या काव्याचं जुनं हस्तलिखित आहे, मुसोलिनीने ते मागितलं होतं आणि दिलं नाही अशी गोष्ट मुंबईत सांगतात. खरी असो नसो, मला आवडते.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं छोटंसं आहे. रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांची परीक्षणं येतात ती येऊ द्या, पण एक चौकट लायब्ररींना द्या. या आठवड्यात मुंबईतल्या अमुक कॉलेजच्या लायब्ररीने हे पुस्तक काढून ठेवलंय, बस. जाहिरात नाही, फोटो नाही, उद्घाटन नाही. नाव पेपरात येणार म्हटलं की लायब्ररीवाले वरच्या मजल्याचा लाइट आपणहून लावतील, मी बँकेत होते, ऑडिट येणार म्हटल्यावर काय काय साफ होतं ते बघितलंय. आणि आमच्या कॅथलिक कॉलेजांना सांगते, बाराच्या यादीत फक्त एक द्या मराठी. आमचे स्पॅनिश फादर तिनात एक देत होते.

त्या दिवशी पुस्तक मी घरी नेऊ शकले नाही, माजी विद्यार्थ्यांना इश्यू होत नाही, तिथेच बसून वाचायचं. मागच्या डेट स्लिपवर शेवटचा शिक्का १९८३ चा. आता मी दर शनिवारी जाते, चर्नी रोडला उतरून चालत, जिना चढून स्वतःच लाइट लावते. काना गावातल्या लग्नापर्यंत पोचलेय, जिथे द्राक्षारस संपतो आणि येशूच्या आईला पाहुण्यांपुढे शरमल्यासारखं होतं. तिथे लोकलच्या तिकिटाचा तुकडा ठेवलाय. कोणी ते पुस्तक मागितलंच तर खुशाल वाचा, फक्त तुकडा तिथून काढू नका.

आपली,
एक निवृत्त बँकवाली,
ओर्लेम, मालाड (प.)